तांदळाचा कोंडा: गिरणीतून गोठ्यात जाणारे सत्त्व माणसाच्या ताटात कसे आणावे?

रंगावली (नवापूर)

सर्वांना नमस्कार. "खायला कोंडा अन् निजायला धोंडा" ही म्हण ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो, त्यामुळे कोंडा हे नाईलाजाचे अन्न ही समजूत आपल्या मनात पक्की बसलेली आहे. नवापूरच्या पट्ट्यात ज्वारी-बाजरीच्या बरोबरीने भात पिकतो. दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी उरकली की घरचे भात गिरणीवर जाते, पांढराशुभ्र तांदूळ घरी येतो आणि कोंडा एकतर दळणावळीपोटी गिरणीवालाच ठेवून घेतो किंवा तो गोठ्यात जातो. माझ्या सासूबाई उखळात भात कांडायच्या, सुपाने तूस पाखडून टाकायच्या, आणि सडताना निघालेली बारीक तपकिरी पूड मात्र वेगळी ठेवून भाकरीच्या पिठात मिसळायच्या. त्या पुडीला गोडसर वास असायचा, हे मला अजून आठवते.

गेल्या वर्षी मी या विषयावर थोडे वाचले आणि आकडे पाहून थक्क झाले. १०० ग्रॅम शुद्ध कोंड्यात सुमारे १३ ग्रॅम प्रथिने, २० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश, २१ ग्रॅम तंतू, १८ मिलिग्रॅम लोह, ७८० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि २.७ मिलिग्रॅम ब१ जीवनसत्त्व असते. आपण रोज खातो त्या पांढऱ्या तांदळात हेच ब१ जीवनसत्त्व १०० ग्रॅममागे ०.०५ ते ०.०७ मिलिग्रॅम इतकेच उरते. म्हणजे शेतात आपण घाम गाळून पिकवतो ते सत्त्व बैलापुढे ठेवतो आणि आपण स्वतः उरलेला पिठूळ गाभा खातो.

म्हणून मी गिरणीतून दोन किलो कोंडा आणला, प्लास्टिकच्या डब्यात भरला आणि रोज दोन चमचे कणकेत मिसळू लागले. तीन आठवड्यांनी डबा उघडला तेव्हा शिळ्या तेलाचा, काहीसा साबणासारखा उग्र वास आला. त्या दिवशीची पोळी कडवट लागली आणि धाकट्या मुलीचे पोट बिघडले. कोंडा मी फेकून दिला, पण मनातून तो विषय गेला नाही. सासूबाईंच्या कोंड्याला कधीच असा वास आला नव्हता, मग माझे नेमके कुठे चुकले? आणि गिरणीतला कोंडा माणसांनी खाण्याजोगा असतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पांझराकाठ (धुळे)

रंगावलीताई, प्रश्न फार महत्त्वाचा आहे. धान्यप्रक्रियेच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिली गोष्ट शब्दाची. आपल्याकडे तूस आणि कोंडा या दोन्हींना सरसकट कोंडाच म्हटले जाते आणि अर्धा घोटाळा तिथेच होतो. एक क्विंटल भात गिरणीत टाकले तर साधारण २० ते २२ किलो तूस निघते. ते दाण्याचे बाहेरचे कठीण कवच असते, त्यात गारेच्या जातीचे सिलिका हे द्रव्य भरपूर असते आणि माणसाच्याच काय, जनावराच्याही पोटाला ते मानवत नाही. तूस निघाल्यावर जो तपकिरी तांदूळ हाती येतो त्याच्या अंगावरचे पातळ थर आणि टोकाचा अंकुर घासून काढला की मिळतो तो खरा कोंडा. तो ८ ते १० किलो भरतो. दाण्याच्या वजनाचा हा एवढासा हिस्सा, पण बहुतेक जीवनसत्त्वे, खनिजे आणि जवळजवळ सगळे तेल त्यातच असते.

आता गिरणीचे. खेड्यापाड्यांत अजूनही जुन्या पद्धतीचे हलर आहेत. त्यात तूस काढणे आणि तांदूळ घासणे ही दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच लोखंडी नळकांड्यात होतात. साहजिकच खाली पडतो तो तूस, कणी आणि कोंडा यांचा मिश्र चुरा. तो माणसाने खाऊ नये, हे मी स्पष्टपणे सांगतो. रबरी रोलरच्या शेलरवर मात्र तूस आधी वेगळे उडवले जाते आणि नंतर पॉलिशरमधून स्वच्छ कोंडा मिळतो. ओळख सोपी आहे. मूठभर कोंडा घट्ट दाबून पाहावा. अंगच्या तेलामुळे शुद्ध कोंड्याचा मुटका वळतो आणि तळहाताला मऊ, किंचित स्निग्ध लागतो. तुसाची भेसळ असलेला चुरा मूठ उघडताच विस्कटतो आणि बोटांना टोचतो. थोडा चुरा पेलाभर पाण्यात टाकून ढवळला तर तुसाचे तुकडे वर तरंगतात, तेही डोळ्यांनी दिसते.

तिसरी गोष्ट, म्हणजे तुमची खरी अडचण, कोंडा खवट होण्याची. दाणा अखंड असतो तोवर त्यातले तेल एका जागी आणि तेल फोडणारे लायपेज नावाचे विकर दुसऱ्या जागी असते. पॉलिशरमध्ये दाणा घासला गेला की दोन्ही एकत्र येतात आणि त्याच क्षणापासून तेलाचे विघटन सुरू होऊन मुक्त मेदाम्ले तयार होऊ लागतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत दोन-चार दिवसांतच वास आणि चव बदलते. तीन आठवडे डब्यात राहिलेला कच्चा कोंडा खवट होणारच होता, त्यात तुमचा हलगर्जीपणा नाही. तुमच्या सासूबाई रोजच्यापुरते किंवा फार तर आठवड्यापुरते कांडत असणार आणि निघालेला कोंडा लगेच वापरत असणार. म्हणून त्यांच्या कोंड्याला तो वास कधी आला नाही.

यावर उपाय उष्णतेचा, आणि तीही ओलसर उष्णता हवी. कोरड्या कढईत नुसता भाजला तर विकर काहीसे मंदावते, पण कोंड्याने हवेतला ओलावा धरला की ते पुन्हा काम करू लागते. वाफ दिली तर ते कायमचे निकामी होते. कारखान्यांतही वाफेने किंवा दाब-उष्णतेच्या यंत्राने कोंडा स्थिर करतात. उकड्या तांदळाचा कोंडा जास्त टिकतो, कारण भात उकडतानाच हे काम झालेले असते. घरी करायचे असेल तर ताजा कोंडा बारीक चाळणीने चाळून घ्यावा, त्याच दिवशी ओलसर फडक्यात सैल बांधून इडलीसारखी पंधरा मिनिटे चांगली वाफ द्यावी, मग ताटात पसरून, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत परतून पूर्ण कोरडा करावा. गार झाल्यावर काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला तर महिनाभर चांगला राहतो. वास जरा जरी बदलला तरी मोह न धरता तो टाकून द्यावा.

तापीतीर (सारंगखेडा)

पांझराकाठ भाऊंनी तूस आणि कोंडा यांतला फरक सांगितला, तो जनावरे पाळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. आमच्या घरी दुभत्या म्हशी आहेत आणि वडिलांच्या काळापासून एक-दोन घोडे असतात, त्यामुळे कोंड्याचा अनुभव मी गोठ्याच्या बाजूने मांडतो.

कोंड्याने म्हैस दुधाला चांगली राहते, हे खरे. पण कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) फार आणि चुना जवळजवळ नाहीच: १०० ग्रॅमला १,६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त स्फुरद, तर कॅल्शियम जेमतेम ६० मिलिग्रॅमच्या आत. दोघांचे हे प्रमाण बिघडले की जनावराचे शरीर हाडांतला चुना ओढून घेते. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला देशभरातून घोडे येतात. तिथे घोडा पारखणारे जुने लोक जबड्याच्या हाडावरून हात फिरवून पाहतात, कारण महिनोन्महिने नुसत्या कोंड्यावर पोसलेल्या घोड्याचे तोंड सुजल्यासारखे होते आणि हाडे आतून पोकळ होतात. पशुवैद्यकाच्या पुस्तकांतही हा आजार कोंड्याच्याच नावाने ओळखला जातो. बोकडांना आणि खच्ची केलेल्या बैलांना कोंडा जास्त झाला तर मूतखडा होऊन लघवी अडते. आमचा एक चांगला बोकड मी असाच गमावला आहे. तेव्हापासून कोंड्याबरोबर चुनखडीची भुकटी आणि हिरवा चारा दिल्याशिवाय मी राहत नाही.

माणसे दोन चमचे खाणार, जनावरासारखी घमेलेभर नाही, हे मला समजते. तरीही सत्त्व आहे म्हणून भरमसाट खाऊ नये, एवढे नक्की सांगावेसे वाटते.

अमळनेरकर

तापीतीर दादांनी स्फुरदाचा मुद्दा काढला म्हणून मुद्दाम लिहिते आहे. माझ्या वडिलांची दोन्ही मूत्रपिंडे कमजोर आहेत आणि त्यांचे डायलिसिस सुरू आहे. एका हितचिंतकाने मोठ्या आपुलकीने त्यांना कोंड्याची पूड आणून दिली होती. "नैसर्गिक आहे, अपाय काही नाही," असे म्हणून आम्ही ती ताकातून द्यायला सुरुवातही केली. पुढच्या तपासणीत स्फुरद वाढलेला निघाला आणि आहारतज्ज्ञांनी खाण्यातला एकेक पदार्थ विचारत विचारत या पुडीपर्यंत येऊन ती तत्काळ बंद करायला सांगितली. ज्यांची मूत्रपिंडे नीट काम करत नाहीत त्यांच्या शरीरातून स्फुरद आणि पोटॅशियम बाहेर पडत नाही, आणि कोंड्यात दोन्ही भरपूर: पोटॅशियम तर १०० ग्रॅमला जवळपास १,५०० मिलिग्रॅम.

कृपया हा धागा वाचून आपल्या घरच्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला कोणी कोंडा देऊ नये. मला कोंड्याची निंदा करायची नाही, आम्ही घरातली बाकीची माणसे भाकरीतून तो आनंदाने खातो.

सातपुड्याची सावली (शहादा)

मी निवृत्त शिक्षक आहे. या कोंड्याने वैद्यकशास्त्राला एक फार मोठा धडा दिला आहे, तो इथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावरच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, बेरीबेरीने सैनिक आणि कैदी पायांतली शक्ती जाऊन, अंगाला सूज येऊन मरत होते. क्रिस्तियान आइकमन या डच वैद्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचेही पाय तसेच लुळे पडू लागले. चौकशीत असे निघाले की लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात त्यांना घातला जात होता. पुढे नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, कोंबड्यांना पुन्हा साधा, न घासलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या आपोआप बऱ्या झाल्या. आइकमन यांना आधी वाटले की पांढऱ्या तांदळात काही विषारी अंश असावा. त्यांचे सहकारी खेरिट ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये बरोबर उलटा विचार मांडला की विष कसलेच नाही, कोंड्याबरोबर एखादे आवश्यक द्रव्य निघून जाते. १९१० मध्ये जपानच्या उमेतारो सुझुकी यांनी कोंड्यातूनच त्या द्रव्याचा अर्क काढला, १९२६ मध्ये यान्सन आणि डोनाथ यांनी त्याचे शुद्ध स्फटिक मिळवले, आणि १९३६ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. हे विल्यम्स आपल्याच देशात, नेल्लोरला जन्मलेले. आइकमन यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते द्रव्य म्हणजे रंगावलीताईंनी उल्लेख केलेले ब१ जीवनसत्त्व.

आपल्या खान्देशात बेरीबेरीचा तसा उच्छाद झाला नाही, कारण आपला पोटाचा मुख्य आधार ज्वारी, बाजरी आणि कळण्याची (उडीद घालून दळलेल्या ज्वारीची) भाकरी. हे धान्य आपण कोंड्यासकट दळून खातो. मला काळजी वाटते ती आताच्या पिढीची, ज्यांच्या ताटातून भाकरी हळूहळू गेली आणि दोन्ही वेळेला पांढरा भात आला. आमच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरही हा बदल मी डोळ्यांदेखत पाहिला आहे.

तापी ते तापी (सुरत)

आमच्या सोसायटीत कोंड्याच्या पुडीची पाकिटे घेऊन एक विक्रेता येतो आणि मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळे बरे होईल असे सांगतो. पांझराकाठ काका, यात खरे किती? आणि राइस ब्रॅन तेल वापरले तर तोच फायदा मिळतो का?

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, कोंड्याने मधुमेह बरा होतो असे जो सांगतो त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नये. तंतुमय अन्नाने जेवणानंतरची साखर सावकाश चढते, पोट साफ राहते आणि भूक टिकून राहते, एवढे खरे आहे. औषधाची गोळी सोडण्याइतका आधार त्यात नाही.

कोलेस्टेरॉलबाबत अभ्यास झाले आहेत, पण त्यांतले बारकावे नीट समजून घ्यायला हवेत. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोलेस्टेरॉल वाढलेल्या लोकांना सहा आठवडे रोज ८४ ग्रॅम स्थिर केलेला, तेलासकट कोंडा दिला गेला आणि त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल ओटच्या कोंड्याइतपत उतरले. आता ८४ ग्रॅम म्हणजे किती, ते घरी वजन करून पाहावे. मोठी वाटी शिगोशीग भरते. दोन चमच्यांकडून त्या परिणामाची अपेक्षा करणे बरोबर नाही. शिवाय हा गुण मुख्यतः कोंड्याच्या तेलात आणि त्यातल्या ओरायझनॉलसारख्या द्रव्यांत आहे. ओटमध्ये जो विरघळणारा तंतू काम करतो तो तांदळाच्या कोंड्यात फारच थोडा असतो. म्हणून तेल काढून घेतलेल्या कोंड्याची पूड कोणी कोलेस्टेरॉलसाठी विकत असेल तर त्यात अर्थ नाही. पोट साफ व्हायला मात्र ती उपयोगी पडते.

ओरायझनॉल जपानमध्ये १९५४ च्या सुमारास कोंड्याच्या तेलातच पहिल्यांदा सापडले. कच्च्या तेलात ते साधारण एक ते दोन टक्के असते, परंतु क्षार वापरून तेल शुद्ध करताना त्यातला बराचसा भाग साबणाच्या गाळाबरोबर निघून जातो. वाफेच्या भौतिक पद्धतीने शुद्ध केलेल्या तेलात ते बरेच टिकते. त्यामुळे बाटलीवर शुद्धीकरणाची पद्धत आणि ओरायझनॉलचे प्रमाण छापलेले आहे का, ते पाहावे. हे तेल तापवायला चांगले, त्यातली मेदाम्ले शेंगदाणा तेलाशी बरीच मिळतीजुळती. पण तेल ते तेलच, चमचाभर तेलाच्या उष्मांकात काही फरक पडत नाही. आणि तंतू, लोह, मॅग्नेशियम, ब१ यांतले तेलात काहीच उतरत नाही, ते सगळे कोंड्यातच मागे राहते.

लोहाबद्दलही सावधपणे बोलावे लागेल. दोन मोठे चमचे, म्हणजे १५ ग्रॅम कोंड्यात पावणेतीन मिलिग्रॅम लोह कागदावर दिसते, पण कोंड्यात फायटिक आम्लही भरपूर असते. ते लोह आणि जस्त यांना बांधून ठेवते, म्हणून आतड्यात त्यातला थोडाच भाग शोषला जातो. पीठ आंबवले तर हे आम्ल कमी होते आणि जेवताना लिंबू पिळले तर लोह जास्त शोषले जाते. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्या रक्तक्षयाचे कारण निराळे असते, तिथे लोहाच्या नावाने कोंडा किंवा गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत.

आणखी एक गोष्ट सांगतो. तांदळाचे पीक जमिनीतून आणि पाण्यातून आर्सेनिक ओढून घेते आणि ते पांढऱ्या दाण्यापेक्षा कोंड्यात कितीतरी पटींनी जास्त साठते. बंगाल आणि बिहारच्या काही भागांत भूजलातच आर्सेनिक आहे. पाकिटातला कोंडा कुठल्या भाताचा, हे आपल्याला कळत नाही. म्हणून मी स्वतः पाकीट घेत नाही, ओळखीच्या शेताचा कोंडा घेतो. लहान बाळांच्या खिमटीत कोंडा घालूच नये.

रंगावली (नवापूर)

सर्वांचे मनापासून आभार. अमळनेरकर ताई, वडिलांना आराम पडो. तुमचा प्रतिसाद मी आमच्या बचत गटात वाचून दाखवला.

मधल्या दिवसांत मी दोन गोष्टी करून पाहिल्या. आमच्या गावातला हलर सोडून मी भात शेलर असलेल्या गिरणीवर नेले आणि मालकांना तांदूळ एकदाच, हलक्या हाताने घासून द्यायला सांगितले. त्यांनी आधी नवलाने पाहिले, कारण सगळे लोक तांदूळ आणखी पांढरा करून मागतात. तांदूळ फिकट बदामी निघाला, दाण्याच्या टोकाला अंकुर कुठे कुठे तसाच होता. कोंडा थोडाच निघाला, पण मूठ दाबल्यावर त्याचा लाडवासारखा मुटका वळला. चाळणीत थोडी कणी आणि दोन-चार तुसाची पाने राहिली, ती कोंबड्यांना टाकली.

कोंड्याला वाफ द्यायची म्हटल्यावर मला आपले वाटल्या डाळीचे फुणके आठवले. फुणके वाफवूनच करायचे असतात, मग वाफेचे काम वेगळे कशाला? दोन वाट्या भिजवलेली तूरडाळ भरड वाटली, त्यात त्याच दिवशीचा अर्धी वाटी चाळलेला कोंडा, लसूण, हिरवी मिरची, जिरे, कोथिंबीर, मीठ आणि चमचाभर तेल घालून मुटके वळले आणि वीस मिनिटे वाफवले. कोंडा पाणी ओढतो, त्यामुळे नेहमीपेक्षा दोन चमचे पाणी जास्त लागले. पहिली खेप कोरडी झाली होती, ती कढीत कुस्करून खाल्ली. दुसरी मऊ आणि खमंग उतरली. कडवटपणा अजिबात नव्हता. धाकटीने ओळखलेसुद्धा नाही. उरलेला कोंडा पांझराकाठ भाऊंच्या पद्धतीने वाफवून, परतून बरणीत भरला आहे. आज एकविसावा दिवस आहे आणि वास अजून भाजलेल्या शेंगदाण्यासारखा येतो.

यातून माझे मत असे झाले आहे की आधी तांदूळ घासून घासून पांढरा करायचा आणि मग त्याच्या अंगावरून काढलेले सत्त्व वेगळे पाकीट घेऊन खायचे, हा उलटा व्यवहार आहे. तांदूळ कमी घासला तर कोंडा आपोआप पोटात जातो, तोही दाण्याला चिकटलेला, रोजच्या घासाबरोबर, बेताने. मोकळा कोंडा मी आता फक्त ताजा मिळेल तेव्हा, फुणक्यांत किंवा कळण्याच्या पिठात, मोठ्या माणसामागे चमचा-दीड चमचा एवढाच वापरणार आहे. मुलांना आठवड्यातून एखादे वेळी देईन. त्या दिवशी सगळ्यांनी पाणी जास्त प्यायचे, नाहीतर तंतूंनी पोट हलके होण्याऐवजी जड होते, हेही अनुभवाने कळले.

तापी ते तापी (सुरत)

ताई, असा कमी घासलेला तांदूळ शिजायला किती पाणी लागते? आमच्याकडे दोनदा केला, दोन्ही वेळा कच्चट राहिला.

रंगावली (नवापूर)

भाऊ, निदान तासभर भिजवून घ्या आणि एका वाटीला अडीच वाट्या पाणी ठेवा. कुकरला एक शिट्टी जास्त होऊ द्या आणि वाफ आपोआप जिरू द्या, लगेच झाकण उघडू नका. आणखी एक, हा तांदूळ पांढऱ्यासारखा वर्षभर कोठीत राहत नाही, लवकर किडतो आणि वासही धरतो. म्हणून घरात भात साठवायचे आणि पंधरा दिवसांपुरतेच गिरणीवर न्यायचे, असे आम्ही ठरवले आहे. सुरतेत ते जमणार नाही, तेव्हा दिवाळीला गावी आलात की निरोप द्या, तुमच्यासाठी पाच किलो काढून ठेवते.